बॉनेटवरचं जाळं

"आई, तात्या आजोबा चहा डाव्या हातानं का पितात गं?" संस्कृतीनं विचारलं.

"उजव्या हातात पेपर असेल," कुकरकडे बघतच सरिता म्हणाली. "जा, खेळायला जा!"

तेवढ्यात खालून शिवराजनं हाक मारली आणि धाकट्या भावाच्या मागे संस्कृतीही पळाली. सुट्टीच होती ना!

पंधरा दिवसांनी मुकुंदवाडीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली भलताच गोंधळ उडाला. बाबांच्या काळ्या गाडीवर, बॉनेटवर, कोवळं ऊन पडलं होतं आणि उन्हाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेघा चमकत होत्या.

"कचरू! काय केलंस हे?" बाबा, म्हणजे विश्वजीत, ओरडले.

बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्या कचरूमामाच धुवायचे. ते हात जोडून म्हणाले, "सायेब, पाणी मारल्याबिगर म्या फडकं लावत नाय. आईशप्पत!"

"मग काय भूत पुसतं? उद्यापासून येऊ नको!"

बाकीच्या गाडीवाल्यांनीही माना डोलावल्या. कचरूमामा गुपचूप बादली उचलू लागले. संस्कृतीला बघवेना.

"बाबा, संध्याकाळपर्यंत थांबा. आम्ही शोधतो!"

"बघा, आले गुप्तहेर!" बाबा हसले. "बरं, संध्याकाळपर्यंत!"

समोरच्या फ्लॅटमधला सम्यक आपलं काळं, चकचकीत हेल्मेट घेऊन आला. अर्ध्या भागावर तिघांनी धूळ टाकून कोरडं फडकं घासलं. उरलेल्या भागावरची धूळ आधी भरपूर पाण्यानं वाहून जाऊ दिली आणि मग ओल्या, मऊ कापडानं पुसलं. हेल्मेट उन्हात धरलं, तर कोरड्या बाजूला तस्संच जाळं!

"धुळीचे कण रंगाला ओरखडतात!" शिवराज ओरडला. "कचरूमामा सुटले!"

"आणि मी अडकलो! घरी काय सांगू?" सम्यक कळवळला.

"सांग, विज्ञानासाठी शहीद झालं!" शिवराज म्हणाला.

संस्कृती मात्र हसली नाही. "रेघा फक्त बॉनेटवर आहेत. त्याही एकाच कोपऱ्यात. गाडी पुसणारा एवढंच कशाला पुसेल?"

दुपारी जेवणं होऊन सगळी बिल्डिंग पेंगली, तेव्हा तिघं स्कूटरांच्या आड दबा धरून बसले. चपला वाजल्या. जिन्यातून आले चक्क तात्यासाहेब! खांद्यावर त्यांचा टॉवेल.

"आजोबाच चोर!" सम्यक खुदकन हसला.

तात्यांनी टॉवेल बॉनेटवर ठेवला आणि उजवा हात फिरवायला सुरुवात केली. अर्धा गोल झाला. हात थांबला, घसरला, बाजूला लोंबला. त्यांनी डाव्या हातानं तो उचलला आणि पुन्हा टॉवेलवर ठेवला.

"फिर की रे लेका," ते हाताशीच बोलत होते. "फिर की!"

तिघांचं हसू जागीच विरलं. शिवराज धावत जाऊन त्यांना बिलगला. "तात्या, काय झालंय हाताला?"

"काय नाय रे. आखडलाय जरा. फिरवत राह्यलं की सुटंल." तात्यांनी जिन्याकडे बघितलं. "तुझ्या बापाला बोलू नका. तो माझ्याजवळची गाडीची किल्ली काढून घेईल. मंग मी पाचोडच्या आठवडी बाजाराला कसा जाऊ? तिथं माझी वाट बघत्यात."

संस्कृती घुटमळली. हे लपवावं की सांगावं? "पण तात्या, या रेघांमुळे कचरूमामांचं काम जातंय."

"काय म्हनतीस?"

तात्यांनी बॉनेटवरच्या रेघांकडे बघितलं. मग ते टॉवेलची घडी घालू लागले. ती एका हातानं जमेना. संस्कृतीनं घालून दिली.

"चला वर," ते म्हणाले.

घरात जाऊन त्यांनी आपल्याजवळची गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "विश्वजीत, रेघा माझ्या हायेत. आधी कचरूची माफी माग. मंग मला दवाखान्यात ने."

सगळं ऐकून सरिता भिंतीला टेकली. "तू विचारलं होतंस गं," ती संस्कृतीला एवढंच म्हणाली.

बाबांनी फोनवरच कचरूमामांची माफी मागितली आणि गाडी काढली. डॉक्टरांनी तपासलं. पंधरा दिवसांपूर्वीच पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. "व्यायामानं थोडं सुधारेल, पण हात पहिल्यासारखा होणं कठीण आहे. त्याच दिवशी आणलं असतं तर..."

रविवारी कचरूमामांनी गाडी आधी स्वच्छ धुतली. मग बारीक पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन मुलांनी हलक्या हातानं बॉनेट घासलं. रंगावरचा पारदर्शक थर कणभर झिजला, रेघांच्या कडा सपाट झाल्या आणि जाळं विरून गेलं. एकच रेघ नखाला लागत होती. ती तात्यांच्या अंगठीची होती.

"ती खोल आहे. आणखी घासलं तर रंग जाईल," बाबा म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत."

शाबासकी मिळाली, पण कुणी उड्या मारल्या नाहीत. खुर्चीत बसलेले तात्या त्या एका रेघेवरून डाव्या हाताचं बोट फिरवत होते. "आता बाजाराला कोन नेईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी नेतो, तात्या. दर आठवड्याला," बाबा म्हणाले. तात्यांनी मान डोलावली, पण बाबांच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं नाही.

तुमच्याही घरी किंवा शेजारी कुणी आजी-आजोबा असतील. आज त्यांना चहा तुम्हीच नेऊन द्या आणि कप कोणत्या हातानं घेतात ते बघा. हात अडखळला, तोंड वाकडं दिसलं, बोलणं बोबडं झालं, तर लगेच मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, जा, खेळायला जा. जाऊ नका. पुन्हा सांगा.