ओढ्यावरची तार

बालवाडी ओस पडलेली बघून तिथं शिकवणाऱ्या शालूचं डोकंच फिरलं. पोरं सापडली ओढ्यावर. सुट्टीवर आलेल्या सयाजी फौजीनं ओढ्यावर आरपार तार ताणून तिच्यावर जुन्या मोटेचं चाक चढवलं होतं. चाकाखालच्या दांडक्याला लोंबकळून पोरं आंब्यावरून पलीकडच्या वाळूत सुसाट सुटत होती. शालूनं त्याला चांगलाच फैलावर घेतला.

"बाई, नंबर लावा… तुमालाबी सोडतो," तो म्हणाला आणि असा काही हसला, की मेलीचा राग कुठल्या कुठं पळाला.

मग काय, बालवाडी सुटली की शालू ओढ्यावर. आपलीच पोरं तिला नव्यानं दिसायला लागली. दांडगट अर्जुना आपला नंबर येईतो गप उभा राहायचा. एक रडलं की दुसरं धीर द्यायचं. वाळूत उतरताना गुडघे दुमडायचे, हे तर कुणी न सांगताच जमलं. चांदबी तेवढी मागं मागं राहायची. सयाजी तिला कधी ढकलायचा नाही. "भ्या वाटू दे की… भीत भीतच सुटायचं," म्हणायचा आणि बघायचा शालूकडं.

एक दिवस चांदबी सुटली. पोरांचा नुसता कल्ला. त्या गडबडीत सयाजी हळूच म्हणाला, "उद्या मागणी घालायला येतो. आत्याच्या पोराला धरलीया तुला, ठाव हाय. पन तू बोललीस तर तुझा बा ऐकंल."

"बोलीन की…" शालूचे कान लाल झाले.

तो आईला घेऊन आला. शालूचा बाप नाथाजी वाटला तेवढा कडक निघाला नाही. सगळ्यांदेखत त्यानं लेकीला विचारलं, "आत्याकडं द्यायचं का तुला? मनात नसंल तर सांग. शब्द फिरवीन मी."

बोल गं बाई, एक शब्द बोल. पण दारात बायका जमलेल्या. लग्नाचा विषय निघाला की पोरीनं मान खाली घालायची, हे वळण लहानपणापासूनचं. "मी…" एवढंच ओठांवर आलं आणि तिथंच विरलं. मान खाली गेली.

"लाजली," नाथाजी समाधानानं म्हणाला. "आत्याकडंच मन हाय पोरीचं."

सयाजीनं जरा वाट बघितली. मग बशीतला चहा संपवला, आईला उठवलं. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं तो गेला.

तासगावात लग्न थाटात झालं. नवरा भला निघाला, बोल लावायलासुद्धा जागा नाही. शालू न्हाणीत तोंड दाबून रडायची. आणि रंगूबाई आत्या आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "भावाची लेक माझ्या, लय गुणाची. बानं विचारलं, मनात नसंल तर सांग… तर पोरीनं वर मान करून बघितलं न्हाई."