जोडइंजिनाच्या सांध्यात

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या मामांनी आयुष्यात कधी थाप मारली नाही, आणि भुताखेतांची तर ते टरच उडवायचे.

हे रात्रीबेरात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. चढणीच्या पायथ्याशी इंजिनांची शेड होती, तिथे शेवटच्या लाइनीवर. धुकं मात्र असं दाट की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये.

मामा ड्रायव्हर होते. त्यांच्याकडे जोडइंजिन होतं. एकच लांबलचक बॉयलर, पण त्याच्याखाली चाकांचे दोन वेगळे संच आणि दोघांना आपापले सिलिंडर. पुढचा संच मधल्या सांध्यावर वळायचा, म्हणून एवढं मोठं धूड वळणावरून सुरवंटासारखं जायचं. दोन इंजिनांचं ओझं एकटं चढवायचं. मामांना त्याचा कोण अभिमान!

दुखणं एकच. पुढच्या सिलिंडरांना वाफ नेणारा पाइप त्या सांध्याबरोबर वळायचा आणि सारखा गळायचा. मग फिटरला सांध्यात शिरावं लागायचं. माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. इंजिन वीतभर हललं तरी खेळ खलास.

पूर्वी पद्धत अशी होती की काम आटपून बाहेर आला की फिटर ओरडायचा, "झालं!" मग ड्रायव्हर इंजिन हलवायचा.

एकदा एका म्हाताऱ्या फिटरच्या हातून आत पाना निसटला. तो वैतागून म्हणाला, "झालं!"

ड्रायव्हरने इंजिन हलवलं.

तेव्हापासून शेडमध्ये तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे. "जेवलास का" विचारायचे, "जेवण झालं का" नाही. नियमही बदलला. आवाजावर जायचं नाही. फिटर समोर येऊन तोंड दाखवेल, तेव्हाच गाडी हलेल.

त्या दुपारी सांध्यात शिरले होते माझे धाकटे मामा. मामांचे सख्खे भाऊ. आजी गेल्यावर मामांनीच त्यांना वाढवलं, शेडमध्येही मामांनीच चिकटवलं.

"दादा, वर डुलक्या काढू नकोस हां," असं चिडवून ते आत गेले.

मामा आणि कोळसा टाकणारा फायरमन वर बसले. खालून पान्याची टकटक येत होती. पाइपातून वाफेची फुसफुस चालली होती.

मग टकटक थांबली...

पायऱ्यांवर धाकटे मामा उभे होते. तोंड काळं, हातात पाना.

"चल, दादा. आटपलं."

मामांनी तोंड पाहिलं. फायरमननेही पाहिलं. नियम पाळला गेला होता. मामांनी ब्रेक सोडला, वाफेचा रेग्युलेटर जरासा ओढला. चाकं हलली...

आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं.

फुसफुस अजून चालूच होती. पाइपाची गळती थांबलीच नव्हती.

"दाद्दू! थांब! पाय अडकलाय!"

आवाज सांध्यातून आला होता.

लहानपणी धाकटे मामा घाबरले की मामांना दाद्दू म्हणायचे. फक्त घाबरले की. जगात दुसऱ्या कुणाला तो शब्द ठाऊक नव्हता.

ब्रेक मारून मामांनी खाली उडी घेतली. सांध्यात खांद्यापर्यंत हात घातला. आत... बोटं लागली. गरम, तेलकट. त्या बोटांनी मामांचं मनगट घट्ट धरलं.

"ओढ, दाद्दू..."

मामांनी होता नव्हता तेवढा जोर लावला.

मागून त्यांच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला.

"कुणाला ओढतोयस, दादा?"

मामा वळले. मागे धाकटे मामा उभे होते. त्या एका क्षणात मनगटावरची पकड सुटली.

कंदील आणून सगळा सांधा धुंडाळला. रक्ताचा थेंब नाही, कापडाची चिंधी नाही. "मला तर काहीच ऐकू आलं नाही," फायरमन म्हणाला. सगळ्यांनी मामांनाच वेड्यात काढलं. भाऊ धडधाकट समोर उभा असताना रडतोस कसला?

बोलणं पटण्यासारखंच होतं.

पण चढणीवर जोडइंजिनाच्या दोन संचांचे ठोके मधूनच जुळतात, मग फाटतात, पुन्हा जुळतात. त्याची रीतच ती. त्या दिवसानंतर ते कधी जुळलेच नाहीत. पुढच्याचा ठोका नेहमी जरा मागे... कुणी पाय ओढत चालावं तसा.

घरी धाकटे मामा होते तसेच होते. तेच हसणं, तीच भूक. एकदा मामांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"दाद्दू आठवतं का रे?"

"कोण दाद्दू?"

मामांनी पुन्हा विषय काढला नाही. दोघं आयुष्यभर एका छपराखाली राहिले. मामा मात्र खोलीला आतून कडी घालून झोपायचे, आणि त्याचं कारण त्यांनी मामींनाही सांगितलं नाही.

पुढे जोडइंजिन भंगारात निघालं. मामा थकले होते, डोळ्यांनी कमी दिसायचं, तरी हट्टाने बघायला गेले. सोबत मी होतो, धाकटे मामाही होते. गॅसकटरची ज्योत सांध्याला लागणार, तसे मामा धडपडत पुढे गेले आणि त्यांनी कापणाऱ्याचे पायच धरले.

"हळू काप रे बाबा. माझा भाऊ आहे आत."

लोक हसले. मला हसू आलं नाही.

धाकटे मामा माझ्या शेजारीच उभे होते... आणि त्यांना या बोलण्याचं जराही नवल वाटलं नव्हतं.