टळपत्राचा दुसरा रकाना

सुतारांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक टळपत्र चौकटीत लावलेलं होतं. रोज संध्याकाळी देवाला ओवाळलेली उदबत्ती त्याच्यासमोरूनही फिरायची. शहरातल्या शेकडो घरांत असं पत्र होतं. जो अपघात व्हायचा होता पण झाला नाही, त्याची विद्यापीठानं दिलेली लेखी खबर म्हणजे टळपत्र. 'श्री. ओंकार सुतार, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला चार नंबरच्या प्रेसमध्ये तुमचा उजवा हात मनगटापासून जाणार होता. सुरक्षा अधिकारी श्री. कांबळे यांनी बसवलेल्या प्रकाशपडद्यामुळे तो वाचला.'

वाचलेल्या त्या हातानं ओंकारनं पुढच्या अकरा वर्षांत काय काय केलं, ते त्याच्या मुलीला, मृण्मयीला, तोंडपाठ होतं. तिला गाडी शिकवली, आजीला शेवटच्या आजारात घास भरवले, आणि दर दसऱ्याला आपट्याचं पहिलं पान कांबळेसाहेबांच्या हातावर ठेवलं. म्हणूनच मैत्रिणी चंद्रावरच्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसल्या तेव्हा ही पोरगी विद्यापीठात व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य शिकायला गेली. हेल्मेट घाला म्हणून सांगायला डिग्री कशाला लागते, असं मामानं विचारलंच. पण मृण्मयीला तो अभ्यास मनापासून आवडला. धूळ फुप्फुसात किती खोल जाते, कंटाळलेला माणूस दिवसाच्या कितव्या तासाला चुकतो, हे शिकताना आपल्या बापाला कुणीतरी इतक्या बारकाईनं जपलं होतं, या विचारानं तिचा ऊर भरून यायचा.

विभागाच्या तळमजल्यावर जरतर यंत्र होतं. कारखान्यातल्या प्रत्येक मशीनची, दिव्याची, पावलाची क्षणाक्षणाची नोंद सरकारी नियमानं ठेवली जायची. त्या नोंदींवरून यंत्र गेलेला दिवस पुन्हा उभा करायचं, त्यातली एकच गोष्ट काढून घ्यायचं आणि दिवस पुढं चालू द्यायचं. तेही लाखभर वेळा. पडदा काढल्यावर त्यातल्या बहुतेक वेळा हात गेला, तर टळपत्र निघायचं. जुनं यंत्र एकाच माणसाच्या मागोमाग जायचं. यंदा आलेलं नवं यंत्र शेडमधल्या सगळ्यांच्या मागे जात होतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मृण्मयीनं वडिलांचंच टळपत्र निवडलं.

"घरचं प्रकरण नको घेऊस," विभागप्रमुख डॉ. शमीम बागवान म्हणाल्या होत्या.

"आभार मानायला घेतेय, मॅडम."

दसऱ्याच्या आठवड्यात निकाल हातात आला. बागवान मॅडमनी यंत्राच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा झेंडूच्या माळेचा काय प्रकार आहे?"

खंडेनवमीला त्या शेडमध्ये मशीनची पूजा व्हायची आणि हार घातले जायचे. चार नंबरच्या प्रेसपुढं प्रकाशपडद्याचे दोन खांब होते. त्यांच्यामधून न दिसणारे किरण जायचे, आणि किरण अडला की प्रेस जागची हलायची नाही. त्या वर्षी माळ नेमकी एका खांबावर चढली. घातलेला हार ताजा असताना ओढून काढायचा नाही, अशी तिथली रीत. दसऱ्याची सुट्टी संपली तरी फुलं टवटवीत होती आणि किरण अडलेलेच. पडदा बंद करायची किल्ली कांबळेसाहेबांच्या खिशात, साहेब गावाला. चार दिवस प्रेस उभी राहिली, आणि तेवढ्यात तिचा झिजलेला क्लच उघडकीला आला. तो नाहीतर तिसऱ्याच दिवशी दगा देणार होता, आणि मग प्रेस पडद्यालाही न जुमानता खाली आली असती.

"पण काम थांबलं नाही," मृण्मयी म्हणाली. "चारचं सगळं काम दोन नंबरवर गेलं. तिला पडदा पुढच्या महिन्यात बसणार होता. तिथं प्रणव चौगुले काकांनी तीन दिवस जोडपाळी केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा हात गेला. चारचा पडदा नसता, तर लाखातल्या शहाण्णव हजार वेळा तो शाबूत राहतो."

"चौकशीत काय लिहिलं होतं?"

"कामगाराचा निष्काळजीपणा." ती थांबली. "मॅडम, माळ पप्पांनी घातली होती."

बागवान मॅडमनी चष्मा काढला. "टळपत्रात एकच रकाना आहे, कोण वाचलं त्याचा. त्याच्याऐवजी कुणाचं गेलं, याचा दुसरा नाही. लोक पत्र पुजतात म्हणून कारखानदार पडदे बसवतात. दुसरा रकाना उघडलास तर काय होईल, मला ठाऊक नाही. दुसरा विषय घ्यायचा असेल, तर मी मुदत वाढवून देईन."

मृण्मयी घरी आली तेव्हा ओंकार उद्याची आपट्याची पानं निवडत बसला होता. फाटकं पान साहेबांना जाता कामा नये, हा त्याचा कटाक्ष. त्याची कृतज्ञता हाच त्या घराचा आधार होता, आणि तीच आपण काढून घेणार, अशी भीती तिला वाटली. तरी तिनं सगळं सांगितलं.

ओंकारनं हात थांबवले. "म्हंजे पडदा वाईट व्हय?"

"नाही पप्पा. पडदा चांगलाच. दोन नंबरलाही असता, तर तुम्ही दोघंही वाचला असता."

"आणि मी माळ दुसरीकडं घातली असती, तर?"

"तर तुमचा गेला असता."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग त्यानं ढिगातलं सर्वांत चांगलं पान काढून वेगळं ठेवलं.

दसऱ्याला बापलेक आधी कांबळेसाहेबांकडं गेलेच नाहीत. प्रणव चौगुले शाळेजवळ वह्यापेनांचं दुकान चालवायचा. उजव्या बाहीची गाठ मारलेली, गिऱ्हाइकाला डाव्या हातानं वही देत होता. ओंकारनं पान पुढं केलं. मग मृण्मयीनंच सांगितलं, काही न लपवता.

प्रणव स्टुलावर टेकला. "म्हंजे मला डुलकी लागली न्हवती?"

"नाही काका. तीन दिवस जोडपाळी केल्यावर कुणाचाही गेला असता."

"अकरा वर्षं बायकोला सांगतोय, माझीच चूक." त्यानं डोळे पुसले. "लई उपकार झाले बग पोरी."

"उपकार कसले, प्रणव," ओंकार कसाबसा म्हणाला. "माझ्यापायी गेला तुझा."

"गेला त्यो गेलाच हुता. आता कुणाच्या तरी कामी आला, एवढं तरी कळालं. मलाबी पत्र मिळंल का गं? दुकानात लावीन."

मृण्मयीनं होकारार्थी मान हलवली. दुसरा रकाना आता उघडावाच लागणार होता, आणि शहरातल्या प्रत्येक चौकटीत एकेक परकं नाव येऊन बसणार होतं.

प्रणवनं पान घेतलं, कपाळाला लावलं. मग ओंकारचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. तो उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून वाकवून पाहिली, अंगठ्यावरच्या जुन्या घट्ट्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"चांगला ठेवलायस की," तो म्हणाला, आणि हात सोडायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.