उलटा पीळ

“तिला सांग, प्रदर्शन होईपर्यंत राहा म्हणावं. त्यानंतर या घरात तिचं काही काम नाही!”

फोरमन हे आपल्या लेकीशी बोलत होते, आणि जिच्याबद्दल बोलत होते ती सून हातभर अंतरावर, त्यांच्याच चहाचा कप धरून उभी होती! समोरच्या माणसाला तिसऱ्याकरवी निरोप धाडण्याची ही त्यांची जुनी रीत. कपातला चहा हिंदकळला, बशीत सांडला... डोळ्यांतलं पाणी मात्र तिनं काठावरच अडवलं.

माहेरी आलेली लेक खुर्चीत बसून नेहमीप्रमाणे बापाची री ओढत होती. “ऐकलंस ना वहिनी? दादाची बोट बंदराला लागली की तिथंच खोली बघा दोघं. नाहीतरी या घरातून त्याला तूच बाहेर काढलंस.”

“बरं,” सून म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि कप टेबलाच्या कडेवर ठेवायला वाकली.

“तिथं नाही!” फोरमन कडाडले. “त्या टेबलाला तुझा हात लागता कामा नये. आणि डावा तर नाहीच नाही!”

शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणे, आणि खरं सांगायचं तर घरातही ते बाप किंवा सासरा कमी आणि फोरमनच जास्त होते. त्यांना नाद एकच... यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचा. नांगर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र, ट्रॅक्टर. मूळ यंत्राच्या सोळाव्या हिश्शाचं, पण खिळान् खिळा मापात. बाजारातून तयार भाग आणायचा नाही, हा त्यांचा कायदा. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, छत्रीच्या काड्या, बंद पडलेल्या घड्याळांची चक्रं, असल्या भंगारातून ते असं काही उभं करत की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आणि डिंकाला तर टेबलावर जागाच नव्हती. “चिकटवतात ती खेळणी, बांधतात ते यंत्र!” असं ते म्हणत. प्रत्येक सांधा केसासारख्या तांब्याच्या तारेनं बांधायचा, पक्कडीनं पीळ द्यायचा आणि टोक आत दडवायचं. या नादातली जाणती मंडळी भिंग लावून तो पीळ बघत आणि कोणी सांगण्याआधीच म्हणत, “हा फोरमनचा पीळ!”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो माणसाचा पीळही त्यांच्यापाशी भरपूर होता.

सून दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दंतवैद्यांकडून साचे येत, त्यांवरून ती मेणाचे आणि मग पक्के दात घडवायची. फोरमन तिला चारचौघांत ‘कवळीवाली’ म्हणत. त्यातून ती डावखुरी! “डावखुऱ्याला मी कधी यंत्रावर उभं केलं नाही,” ते आल्यागेल्याला ऐकवत. “दांडे सगळे उजवीकडे, आणि हा बुवा भलतीकडेच उभा!” माणूस निवृत्त झाला, पण त्याचे नियम कुठले निवृत्त व्हायला? ते घरी येऊन बसले, आणि ज्या मुलीनं कारखान्याचं फाटकही पाहिलं नव्हतं तिच्या मानगुटीवर चढले.

खरी ठसठस मात्र निराळीच होती. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत मुलानं बोटीवरची नोकरी धरली. टेबलाचा वारस समुद्रावर निघून गेला! ही आली आणि तो गेला, एवढा हिशेब फोरमनना पुरेसा होता. तो का गेला हे तिला ठाऊक होतं. नवऱ्यानंच सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर तिचा हात धरून म्हणाला होता, “बाबांना कधी बोलू नकोस. आता त्यांना ते सोसायचं नाही.” तेव्हापासून न केलेल्या अपराधाचं ओझं ती मुकाट वाहत होती. उपेक्षा, टोमणे, मानहानी... सारं पदरात घेत होती!

आणि आणखी एक गोष्ट ती लपवत होती.

एका दुपारी ती प्रयोगशाळेतून लवकर परतली होती. दार उघडंच होतं. फोरमन टेबलापाशी बसून चाकाचा आरा बसवत होते. बसत नव्हता. उजवा हात थरथरत होता... असा, की चिमटा पत्र्यावर टकटक वाजत होता. आरा निसटला. पुन्हा निसटला. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताला फाडकन चापट मारली, हट्टी पोराला मारावी तशी! मग तोच हात पोटाशी धरून ते बसून राहिले. ती आल्या पावली माघारी फिरली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात उगाच काहीबाही बघत उभी राहिली. राग तिला त्यांचा फार होता, रास्त होता, पण त्या चापटीनं तिचं काळीज असं पिळवटलं की रागाला उभं राहायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून संध्याकाळी फोरमन बागेतल्या बाकावर जुन्या सोबत्यांत गप्पा मारायला गेले की ती त्या निषिद्ध टेबलापाशी बसे. प्रतिकृतींच्या प्रदर्शनासाठी त्यांनी जुन्या काळचं कापणी यंत्र घेतलं होतं. वर पीक ओढून घेणारा लाकडी पट्ट्यांचा पंखा, खाली कातरणाऱ्या दातांची पट्टी. दिवसभरात त्यांचा जो सांधा वाकडा बसला असेल तो ती सोडवी, सरळ करी आणि पुन्हा बांधी. कातरणाऱ्या दातांना तिनं अशी धार आणली की त्या दिवशी फोरमन घरभर मिरवले, “हात अजून तयार आहे माझा!” ती स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसली... आणि मग रडलीही.

फक्त पीळ ती उजव्या हातानं द्यायची. डाव्या हाताचा पीळ उलटा पडतो, आणि त्यांच्या नजरेतून तो सुटायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. सवय नसलेल्या बोटांना घट्टे पडले. एकेका सांध्याला जीव मेटाकुटीला येई. आणि यंत्र जसजसं पुरं होत होतं तसतसा तिचा या घरातला मुक्कामही संपत होता. स्वतःच्या हकालपट्टीची तयारी स्वतःच्या हातानं, तीही मन लावून करणारी बाई विरळा!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत तिच्या उजव्या अंगठ्यावर तापलेलं मेण सांडलं. घरी येऊन पाहते तो पंख्याच्या दोन पट्ट्या सुटून लोंबताहेत. फोरमन परतायच्या आत बांधायला हव्या होत्या. अंगठ्याला पक्कड धरवेना. घाईत, कळवळत, तिनं डाव्या हातानं पीळ दिला. किती सहज बसला तो... इतका सहज, की तो उलटा आहे हेच ती विसरली!

फोरमन आले. यंत्र उद्या न्यायला मदत म्हणून लेकही आली. दिवा ओढून, भिंग लावून ते यंत्र शेवटचं तपासू लागले. चाकं झाली, पट्टी झाली. पंख्याशी भिंग थांबलं.

“हे कोणी बांधलं?”

त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं.

“मी विचारतोय, हे कोणी बांधलं? हा पीळ माझा नाही. हा डावा आहे!”

“मी, बाबा,” सून म्हणाली. “पट्ट्या सुटल्या होत्या.”

“सुटल्या होत्या? माझे सांधे सुटतात? आणखी काय काय बांधलंस? बोल!”

तिला खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या दिवसांच्या मौनानं तिचा जीव इतका शिणला होता की खोट्यालाही त्राण उरलं नव्हतं. “बरंच,” ती म्हणाली. “आरे, मागचं चाक, दातांची पट्टी...”

फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला. “माझी कीव केलीस?” ते ओरडले. “कवळ्या करणाऱ्या बाईनं माझ्या कामाला ठिगळं लावली? डाव्या हातानं?”

“होय, डाव्या हातानं!” आता तिचाही बांध फुटला. “नवी कवळी आणलीत तेव्हा काय म्हणाला होतात, बाबा? कोणीतरी पहिल्यांदाच मापाचं काम केलं म्हणालात! ती माझ्याच हाताखालून गेली होती. रोज दोन वेळा तुम्ही याच डाव्या हाताचे दात लावून जेवता. ते नाही कधी टोचले तुम्हाला?”

फोरमननी ओठ घट्ट मिटले. आपल्याच तोंडात शत्रूचं ठाणं आहे हे कळल्यावर माणसानं करावं तरी काय? मग त्यांनी उजवा तळवा उगारला... सुनेवर नाही, यंत्रावर! एका फटक्यात सगळं चिरडून टाकायला.

“बाबा, नको!”

ही किंकाळी लेकीची होती. ती धावत मध्ये आली आणि तिनं तो हात वरच्या वर धरला. “दादाचंही असंच चिरडलं होतंत! आठवतं? त्यानं केलेलं पहिलं पेरणी यंत्र... तुमच्या दोस्तांसमोर! चाक तिरकं आहे म्हणालात आणि असाच हात मारलात. सगळे हसले. मी तिथंच होते, बाबा. त्यानं पुन्हा कधी कानस हातात धरली नाही. तो वहिनीपायी नाही गेला हो... या हातापायी गेला!”

सुनेनं नणंदेकडे पाहिलं. म्हणजे हिलाही ठाऊक होतं! ठाऊक असून सारे दिवस हिनं ते माझ्या माथी राहू दिलं! नणंदेची मान खाली गेली. “तुझ्यावर ढकलणं सोपं होतं, वहिनी,” ती पुटपुटली. “बापाला तोंडावर कोण सांगणार?”

फोरमनचा हात अजून तिच्या मुठीत होता, आणि भर दिव्याखाली, दोघींच्या देखत, तो थरथरत होता. लपवायला आता जागा नव्हती. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, खाली टेबलावर ठेवला. टेबलावरच्या पकडी, चिमटे, सारं किणकिणू लागलं. ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत.

सकाळी सून बॅग भरूनच बाहेर आली. प्रदर्शन आज होतं, आणि शब्द शब्द असतो. पण बाहेरच्या खोलीत येऊन ती जागच्या जागी खिळली.

फोरमन टेबलापाशी होते. यंत्र उघडं पडलं होतं. तांब्याच्या तारांचे तुकडे जमिनीवर विखुरले होते... ते आपल्याच हातानं सांधे सोडवत होते!

“बाबा! हे काय करताय? आज प्रदर्शन...”

“प्रदर्शन गेलं खड्ड्यात,” ते मान वर न करता म्हणाले. “एका यंत्रात दोन पीळ चालत नाहीत. फोरमन होतो मी, एवढं कळतं मला.”

“मग डावे दोनच होते ना? ते सोडवायचे...”

“ते घट्ट आहेत.” त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. “रात्रभर विचार केला. भिंग लावून एकेक बघितला. तू उजव्या हातानं दिलेस तेही ओळखू आले मला... बिचकत बिचकत दिलेले. डावे दोन तेवढे निर्धास्त. आणि माझे सैल, पोरी! सगळे सैल. त्या दोहोंत मिसळायचे असतील तर सगळेच डावे व्हायला हवेत.”

पोरी! इतक्या वर्षांत हा शब्द तिला त्यांच्याकडून कधी मिळाला नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिनं ते अडवले नाहीत. फोरमननी दिवा ढकलला, पलीकडच्या बाजूला, डाव्या हाताची सावली कामावर पडू नये असा. दुसरं स्टूल पायानं ओढून पुढे सरकवलं.

“बस.” त्यांनी तिच्या भाजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. “अंगठा कसा आहे?”

“बरा आहे.”

“खोटं बोलू नकोस. डाव्यानंच बांध. मी धरतो.” पक्कड पुढे करताना ते अडखळले. “त्याचा फोन आला की... की मला दे. मी सांगतो त्याला काय सांगायचं ते. सगळं जमेल असं नाही.”

तिनं बॅग दाराशी ठेवली आणि ती बसली. त्यांनी पट्टी धरली. हात थरथरत होता, तेव्हा तिनं आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि डाव्यानं पहिला पीळ दिला. फोरमन भिंगातून बघत होते. “टोक आत दडव,” ते खेकसले. “उघडं ठेवतात होय? कवळीतही असंच ठेवतेस का?”

तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला आणि नणंद जिना चढून वर आली. “बाबा, चला, उशीर होतोय... अरे देवा! हे काय? यंत्र कुठंय?”

“अर्धवट आहे.”

“मग पुरं कधी होणार?”

“मला काय विचारतेस? तिला विचार!”

नणंद दारातच उभी राहिली. वहिनीकडे बघवेना आणि वळून जाववेना. फोरमननी लेकीच्या पायाशी पडलेल्या सुनेच्या बॅगेकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला ओळखीची आठी पडली.

“आणि ती बॅग उचल आधी. आत नेऊन रिकामी कर. येण्याजाण्याच्या वाटेत असलं काही ठेवतात का!”