पुढच्या सीटचं माप

दुकानाच्या दारात टायरांची चळत रचू नये, हे सासऱ्यांनी तिला हजारदा सांगितलं होतं. पण ऐकेल ती सून कसली! त्या दिवशी एक उंचापुरा माणूस सरळ चालत आला आणि सरळ त्या चळतीतच घुसला. टायर गडगडत रस्त्यावर गेले. एक तर पार समोरच्या शिंप्याच्या पायरीवर जाऊन आडवा झाला.

"अहो, डोळे फुटलेत का?" ती आतूनच ओरडली.

"अजून नाही," तो माणूस खाली बसून टायर चाचपत म्हणाला, "पण फुटताहेत... हळूहळू. डॉक्टर म्हणतात, वर्ष-दीड वर्ष चालतील."

तिच्या हातातला पाना हातातच राहिला. जीभ चावून आता काय उपयोग? तिनं खजील होऊन बाहेर पाहिलं, तर तो चक्क हसत होता.

"बाजूचं दिसत नाही मला," त्यानं सांगितलं. "समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. आत्ता नळीत तुम्ही आहात. टायर नव्हते."

"मी एवढ्या लांब आत बसलेय आणि टायर पायाशी होते," ती म्हणाली.

"तेच तर... नजर कुठं ठेवायची, एवढंच माझ्या हातात उरलंय."

ती उठली आणि टायर गोळा करायला लागली.

गल्लीत तिला सगळे चाकवाली म्हणत. डुलणाऱ्या चाकाची रिम सरळ करावी, म्हणजे आऊट काढावा, तर तिनंच, असा तिचा लौकिक. दुकान सासऱ्यांचं. त्यांचे हात कापायला लागल्यापासून काम तिच्याकडं आलं. नवरा? तो चार वर्षांपूर्वी स्वतः बांधलेल्या सायकलवरून निघाला आणि ट्रकखाली आला. सासरे तेव्हा ट्यूबला ठिगळ लावत होते. मुलगा "येतो बाबा" म्हणाला, आणि त्यांनी मान वर केली नाही. ते ठिगळ म्हाताऱ्याला अजून टोचतं. आणि ती? तयार झालेली सायकल मागच्या अंगणात दोन फेऱ्या मारून बघायची, पण फाटकाबाहेर तिनं कधी पायडल मारलं नाही.

आलेल्या माणसाला त्याच्या डेपोत ड्रायव्हर म्हणत. अकरा वर्षं त्यानं घाटाची बस चालवली. डोळ्यांच्या कडा मिटायला लागल्या, बसचा आरसा एकदा खांबाला घासला, आणि साहेबांनी त्याला उचलून चौकशीच्या खिडकीत बसवलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

"मला जोडसायकल बांधून हवीय," तो म्हणाला. "पुढं माझा दादा बसेल, मागं मी. घाटाच्या वरच्या वळणावर जायचंय. तिथून खाली धरण दिसतं म्हणे."

"म्हणे? अकरा वर्षं गेलात ना तिथून?"

"गेलो की! वळण आलं की मागं चाळीस माणसं अहाहा करायची. ड्रायव्हरनं अहाहा केलं तर चाळीसही धरणात!" तो हसला, मग हसू जरा ओसरलं. "तिथं बस थांबवता येत नाही, रस्त्यावरून डोळे काढता येत नाहीत. एकदा मागं बसून, मान वळवून, पोटभर बघायचंय. दिसतंय तोवर."

"मग बसचं तिकीट काढून जा."

"आमच्याच बसमधून? सगळा डेपो हळहळतो माझ्याकडं बघून. नको बाई! पायांना काही झालेलं नाही माझ्या."

ती कबूल झाली.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो दादाला घेऊन आला. दादा म्हणजे शिडीच. तिनं दोघांची मापं घेतली: मांडी, हात, खांद्याची रुंदी. ड्रायव्हरच्या खांद्यावरून फीत धरताना तिचा हात जरा जास्तच वेळ रेंगाळला. त्यानं खांदा तसाच धरून ठेवला.

मग दर गुरुवार त्याचाच झाला. दोन माणसांचं ओझं, म्हणून रिम जास्त स्पोकची. उतारावर ब्रेक तापतात, म्हणून मागच्या चाकाला आणखी एक ब्रेक. ते सगळं पटापट ठरलं. घोडं अडलं ते टायरांपाशी.

"हा घ्या. हलका आहे, चढावर त्रास देणार नाही."

त्यानं टायर अंगठ्यांनी दाबून पाहिला. "जरा कडक वाटतो."

"टायर आहे तो, उशी नाही!"

"रस्ता खडबडीत आहे हो. माझी हाडं..."

"हाडं नाजूक, तोंड मात्र दणकट."

"तोंडानंच चाललंय आता माझं. खिडकीत बसून दिवसभर गाड्यांच्या वेळा सांगतो. इथं आलो की जरा दुसरं बोलायला मिळतं."

"आणि ऐकूनही घ्यावं लागतं."

"त्यासाठीच येतो," तो म्हणाला... आणि दोघंही उगीचच त्या टायरकडं बघत राहिले.

पुढच्या गुरुवारी दुसरा टायर आला. तो उजेडात धरून, डोळे बारीक करून ती म्हणाली, "याची बाजू पातळ आहे, परत पाठवते." कसली पातळ नि कसलं काय! टायर अगदी नीट होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याला सीट टोचली. मग तिला पायडलं आवडली नाहीत.

"अगं, महिन्याचं काम," सासरे म्हणाले, "तीन महिने होत आले. सायकल जोडतेयस की जोडी?"

म्हणाले आणि त्यांची नजर वर भिंतीकडं गेली. ती चेन पुसत राहिली. कान तापले होते तिचे. वर नवऱ्याच्या वेळची हत्यारं खिळ्यांना टांगलेली होती.

आणि याच सुमाराला, एका दुपारी, तिनं ते करून ठेवलं.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी कापायची होती. हँडल किती उंच बसणार, ते या नळीवर ठरतं. दोनदा मापा, एकदा कापा, हे तिला सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. नळी लांब राहिली तर पुन्हा कापता येते. आखूड झाली की चिमटा भंगारात. तिनं दादाच्या मापानं खूण केली. आरी हातात घेतली. मग काय मनात आलं कोण जाणे, ती स्वतः पुढच्या सीटवर बसली, हात लांब केले आणि दुसरी खूण केली. पहिलीच्या चांगली चार बोटं खाली.

आणि तिथं आरी चालवली.

आता बोला! फाटकाबाहेर पायडल मारायची जिची छाती नाही, तिनं घाटात जाणाऱ्या सायकलची पुढची जागा स्वतःच्या मापानं कापून ठेवली. नवा चिमटा मागवता आला असता. तिनं मागवला नाही. सांगायची हिंमत झाली नाही आणि बदलायची इच्छा होईना. तेव्हा टायर परत पाठवणं तेवढं चालू राहिलं. वर्ष आहे की हातात, असं ती स्वतःला बजावत होती.

मग सलग दोन गुरुवार तो आला नाही.

तिसऱ्या गुरुवारी आला तो दादाचं कोपर धरून. दारात चळत नव्हती. तिनं ती केव्हाच हलवली होती. तरीही तो उंबऱ्यापाशी पाय चाचपत थांबला.

"काय झालं?" तिनं विचारलं. विचारायच्या आधीच कळलं होतं.

"गेले," तो म्हणाला. "एका सकाळी उठलो, वाटलं अजून उजाडलं नाही. वाट बघत पडून राहिलो... रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या, तरी उजाडेना. डॉक्टर म्हणतात, कधीकधी होतं असं. अचानक."

सासऱ्यांनी स्टूल पुढं केलं. तो बसला नाही.

"सायकल कुठंय? हात तरी लावू द्या."

तिनं त्याला सायकलपाशी नेलं. त्यानं मागच्या टायरवरून बोटं फिरवली, स्पोक छेडून पाहिले, सीट दाबली. मग हात पुढं सरकला, पुढच्या हँडलवर गेला आणि थबकला.

"हे खाली आहे," तो म्हणाला. "दादा, बस बघू यावर."

दादा बसला. त्याचे गुडघे हँडलला भिडले.

"कुणाचं माप आहे हे?"

"माझं," ती म्हणाली.

"कधी कापलीत नळी?"

"झाले... दोन महिने. सायकल तेव्हाच झाली होती. टायरांचं सगळं खोटं होतं. तुम्ही येत राहावं म्हणून."

त्याचा चेहरा बदलला नाही. आवाज मात्र पार कोरडा झाला.

"म्हणजे मला दिसत होतं तेव्हा."

एवढंच. तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं दादाचं कोपर शोधलं आणि जाता जाता म्हणाला, "विकून टाका ती."

आठ दिवस तिचा हात चालला नाही. एका चाकाचा आऊट काढायला गेली आणि होता त्याहून वाढवून ठेवला. शेवटी सासऱ्यांनी तिच्या हातातून चाक काढून घेतलं.

"जा," ते म्हणाले. "पोरी, बोलायचं राहून गेलं ना, की ते जन्मभर उरावर बसतं. माझ्याकडं बघ, आणि जा."

ती डेपोत गेली. चौकशीच्या खिडकीपुढं रांग होती. तिचा नंबर आला. "घाटाची गाडी?" एवढंच तोंडातून निघालं.

"सकाळची साडेसहाला, मग..." तो थांबला. "ग्रीसचा वास येतोय."

"चुकलं माझं," ती म्हणाली. मागं लोक होते, असू देत. "भरून देता येईल असं नाही ते. तुम्हाला दिसत असताना मी तुम्हाला दुकानात अडकवून ठेवलं. म्हणाल तर नवा चिमटा बसवते दादांच्या मापाचा. नाहीतर... पुढं मी बसते. मला भीती वाटते, फार वाटते. पण बसते. मला तुम्ही आवडता हो, म्हणून झालं सगळं हे."

रांगेतल्या मागच्या एका म्हाताऱ्यानं खाकरून स्टेशनची गाडी विचारली. ड्रायव्हरनं त्याला वेळ सांगितली. मग तो खिडकीच्या लाकडावर अंगठा दाबत राहिला.

"पहिला टायर चांगला होता," तो म्हणाला.

"कुठला?"

"पहिलाच. हात लावला तेव्हाच कळलं होतं. आणि सीटही टोचत नव्हती. बरं आहे म्हटलं असतं, तर पुढच्या गुरुवारी काय निमित्त काढून आलो असतो?" त्यानं अंगठा काढून घेतला. "मलाही वाटलं, वर्ष आहे हातात. तुमच्यावर रागवायला सोपं होतं हो... स्वतःवर रागवून जाणार कुठं?"

रविवारी उजाडता उजाडता ते निघाले. सासऱ्यांनी कापऱ्या हातांनी सायकल धरून ठेवली, तो मागं बसला, ती पुढं बसली. म्हातारा दोघांकडं नीट मान वर करून बघत होता.

"सावकाश जा," सासरे म्हणाले.

फाटक गेलं. जोडसायकलची पायडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात. एकाचा पाय अडला की दुसऱ्याला लगेच कळतं.

"पाय थरथरतोय तुमचा," मागून आवाज आला.

"माहितीय!"

"थरथरू दे. थांबवू नका."

घाटात मागून ट्रकचा भोंगा वाजला. तिचे हात हँडलवर लाकडाचे झाले. "दोनदा वाजवला ना? म्हणजे बघितलंय त्यानं आपल्याला," तो शांतपणे म्हणाला. "कड धरा. गिअर आत्ताच उतरवा, वळणात नको... शाब्बास!" ट्रक गेला. ती रडत होती आणि पाय मारत होती.

वरच्या वळणावर त्याचा आवाज बदलला. "आलं. पोटाला कळतं माझ्या. धरण दिसतंय?"

"काय माहीत! मी रस्ता बघतेय!"

तो एवढ्या मोठ्यानं हसला की सायकल डुलली. "आता कळलं? अकरा वर्षं, बाई, अकरा वर्षं!"

तिनं ब्रेक दाबले. सायकलला कुठंही थांबता येतं. दोघं कठड्यापाशी उभे राहिले. तिनं खाली पाहिलं.

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. "फार."

त्यानं मान हलवली. कठडा दोन्ही हातांनी धरून तो रडला, आवाज न करता, बराच वेळ. तिनं समजूत घातली नाही. कुठल्या तोंडानं घालणार होती? ती नुसती त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मागून साडेसहाची बस आली. खिडक्यांतली माणसं अहाहा करत गेली. बस चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच होती. त्यानं फक्त दोनदा भोंगा वाजवला. यानं आवाजाच्या दिशेनं हात वर केला.

"मी शेवटचं नीट काय बघितलं, सांगू?" तो म्हणाला. "तू टायर उजेडात धरून, डोळे बारीक करून, त्यात नसलेली खोट शोधत होतीस. कपाळावर ग्रीस लागलं होतं. सांगायचं राहून गेलं."

तिचा हात आपोआप कपाळाकडं गेला.

"आता नाहीये ते," ती कशीबशी म्हणाली.

"माझ्यासाठी आहे. आता ते कधी पुसायचं नाही." त्यानं हातानं मागची सीट शोधली आणि टांग टाकली. "चल. उतार आहे, ब्रेक बघून."

ती पुढं बसली. डोळे पुसले, कारण रस्ता दिसायला हवा होता.