नुसतं ‘दे की’

“मॅडम, एवढा ट्रे मांडीवर धरता का? रोपं मोडतील.”

कराड-पाटण एसटीत दाटीत उभ्या असलेल्या जयराजनं विचारलं, आणि राजनंदिनीला नाही म्हणता आलं नाही. तिचा फोन दुरुस्तीला गेला होता. रिकाम्या हातांचं काय करावं तेच तिला कळत नव्हतं. मिरचीची ओली रोपं मांडीवर आली... आणि मल्हारपेठ येईस्तोवर तो बोलत राहिला.

त्याची मलकापूरला रोपवाटिका. मल्हारपेठच्या शेतकऱ्यांना तो रोपं पोचवायचा. ती पाटणच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या नोकरीला. फोन मिळायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तो रोज तिच्यासाठी खिडकीची जागा धरू लागला.

“तुमी हसला की खळी पडती... एकाच गालावर.”

“मोजत बसता वाटतं?”

“या गाडीत दुसरं बघण्यासारखं हायच काय?”

ती लाजून बाहेर पाहू लागली. कोयना कुठं वळते, हे दोन वर्षांच्या येण्याजाण्यात तिला पहिल्यांदाच दिसलं. आठव्या दिवशी ‘तुमी’चं ‘तू’ झालं होतं.

मग फोन दुरुस्त होऊन हातात आला. ‘एकच रील’ म्हणता म्हणता मल्हारपेठ यायचं. जयराज बोलायचा, ती “हं... हं” करायची. घरी आईनं तर जेवायला हाका मारणंही सोडलं होतं.

महिन्याभरानं एका सकाळी तो हलकेच म्हणाला, “विट्याचं स्थळ आलंय. घरचे होकार दे म्हणत्यात. नंदिनी... देऊ?”

“दे की,” स्क्रीनकडे बघून हसत ती म्हणाली.

“नीट सांग गं. देऊ का?”

“दे म्हटलं ना!”

तो उतरून गेला. शेजारची जागा रिकामी असते, हे तिच्या ध्यानात यायलाच चार दिवस लागले. फोन केले, तो उचलेना. आणखी आठवडाभर वाट पाहून ती रोपवाटिकेत गेली.

“साखरपुडा झाला,” तो म्हणाला.

“मला विचारलंही नाहीस?”

“इचारलं की. दोनदा.”

तिला आठवेना. मग आठवलं.

“मी ऐकलंच नव्हतं रे... मला तू हवा होतास. अजून हवा आहेस.”

“हे तवा म्हणाली असतीस तर घरच्यांशी भांडलो असतो. आता शब्द दिलाय. त्या पोरीचा काय दोष?”

“काहीच नाही,” ती म्हणाली.

तो तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. पाच मिनिटांची वाट. राजनंदिनीनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. त्यानं मात्र एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.