आभाळातून उतरलेलं जोडपं

वारा ऐनवेळी फिरला आणि मी परतूरच्या एका बँकवाल्या साहेबांसकट थेट मोसंबीच्या बागेत जाऊन पडले.

चूक माझी नव्हती, पण ऐकतंय कोण! हसनाबादच्या माळावर एका कारखानदाराची जुनी धावपट्टी आहे. थंडीच्या दिवसांत आमची कंपनी छोटं विमान घेऊन तिथं मुक्काम ठोकते आणि हौशी लोकांना आभाळातून उडी मारायला लावते. एकट्यानं नाही हं. नवखा माणूस पुढं, शिकवणारी मी मागं, चार हुकांनी तो माझ्या छातीशी पक्का बांधलेला आणि दोघांत मिळून एकच पॅराशूट. दिवसातून सात-आठ वेळा मी असं कुणाला तरी बांधून घेते, तीच ती वाक्यं म्हणते – "केळ्यासारखं वाका, डोकं मागं, उतरताना पाय वर!" – आणि संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ ठेवून बसते. लोक म्हणतात, वा, काय भारी नोकरी! करून बघा म्हणावं एकदा.

तर ते साहेब. वरच ओकले होते बिचारे. खाली टेकल्यावर त्यांनी समोरचं मोसंबीचं झाड मिठी मारून धरलं आणि मी हुक सोडायला हात घातला, तेवढ्यात समोरून एक बाई धावत आल्या. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात विळा. आम्हाला बघितलं आणि विळा खाली टाकून त्यांनी चक्क हात जोडले.

"थांब माय, सोडू नको! तशीच बांधलेली ऱ्हा दोघं. आत्ता आले!"

मला वाटलं, पाणी आणायला गेल्या. आल्या त्या हळदीकुंकवाची कुयरी, नारळ आणि पदरात मोसंब्या घेऊन. मी तोंड उघडायच्या आत माझ्या कपाळाला कुंकू लागलं. मग साहेबांच्या टकलावर अक्षता पडल्या.

"मोबाईलमधी पाह्यलं म्या," त्या म्हणाल्या, "आताशा लग्नं बी आभाळात लावून राह्यले लोक. पण आमच्या मळ्यात उतरताल असं न्हाई वाटलं! नवी जोडी दारात आली, मंग रिकामी कशी जाऊ देऊ?"

ओटी भरायची, तर माझ्या त्या निळ्या झग्याला पदर कुठला? त्यांनी माझं हेल्मेट काढून घेतलं, उलटं केलं आणि त्यात नारळ अन् मोसंब्या भरल्या.

सांगायला हवं होतं मी तेव्हाच. मावशी, हे माझे कुणी नाहीत, हे पैसे भरून उडी मारायला आलेत. पण खरं सांगू? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला रडूच यायला लागलं. किती दिवसांत असा हात फिरला नव्हता. आणि बोलायचे श्रमसुद्धा नको झाले होते. साहेबांचं म्हणाल तर ते बोलायच्या अवस्थेत नव्हतेच.

त्या मावशींच्या, म्हणजे सगुणाबाईंच्या, मागे त्यांचा मुलगा उभा होता. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला रुमाल, दिसत होते ते फक्त डोळे. ते माझ्यावर टेकले… आणि लगेच खाली वळले, परक्याच्या बायकोकडे बघून वळतात तसे.

"आई, आधी पाणी दे त्यांला," तो म्हणाला. मग पंप उतरवून त्यानं काट्यांत अडकलेलं पॅराशूट सोडवायला घेतलं. एक दोरी तुटू दिली नाही पठ्ठ्यानं. निघताना साहेबांना म्हणाला, "दादा, जपून न्या हो वहिनीला. लई थकलेल्या दिसतात."

दिवसभर मी लोकांना शंभरदा विचारते, बरं वाटतंय ना, घाबरलात का, दमलात का. मी दमलेय हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि तेही मला वहिनी म्हणून. माझं नशीबच मेलं असलं.

दोनच दिवसांनी वारा पुन्हा फिरला. (हो, वाराच. माझ्यावर विश्वास ठेवा.) बागेच्या कडेला उतरले, पण या वेळी पुढं बांधलेला होता जालन्याचा एक कॉलेजकुमार. मिसरूड नुकतं फुटलेलं. सगुणाबाई कुयरी घेऊनच धावत आल्या आणि बांधावर थबकल्या.

"अगं बाई… हा तो न्हाई!"

कुयरी झटकन पदराखाली गेली. "परवाचा टकला होता," त्या लेकाच्या कानात म्हणाल्या, आणि ते माळावरच्या मेंढ्यांनीसुद्धा ऐकलं असेल.

"मावशी," मी हुक सोडत ओरडले, "माझं लग्नच झालेलं न्हाई! कुणाशीच! लोकांना उडी मारायला शिकवते मी. हे माझं काम आहे!"

फवारणीचा रुमाल खाली आला आणि तो मुलगा हसायला लागला. असा हसला की बांधावरच बसला. गालात खळी वगैरे होती, मी बघितली. उगाच का खोटं बोलू?

"मंग परवा बोलल्या का न्हाई?" त्यानं विचारलं.

"बोलू कुठं दिलं तुमच्या आईनं?"

"अन् मोसंब्या?"

"खाल्ल्या."

"लग्न न करता आहेर खाल्ला?" तो हसू दाबत म्हणाला. "बरं न्हाई दिसत हे, मॅडम."

"नारळ आहे अजून. परत देऊ?"

"राहू द्या," तो म्हणाला, आणि या वेळी डोळे खाली वळले नाहीत. "लागंल कधी."

भागवत त्याचं नाव, हसनाबादचाच. त्या दिवसापासून संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं की धावपट्टीच्या कुंपणाशी त्याची मोटरसायकल थांबायला लागली. कधी मोसंब्या, कधी हुरडा, कधी नुसताच तो. आमचा पॅराशूट बांधणारा करण मला डोळा मारून आत निघून जायचा. मी बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसायचे आणि भागवत कुंपणाच्या त्या बाजूनं विचारायचा, "आज किती जणांला पाडलं?"

"आठ."

"अन् तुमाला कोण विचारतं, तुमी कशा पडल्या म्हणून?"

"तुम्ही विचारून राह्यले ना."

"मी तर रोज विचारीन… पण सीझन संपला की तुमी जाणार."

तो असा मध्येच थांबायचा. मी बर्फ उगाच या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर न्यायचे.

"एकदा या ना वर," मी म्हणायचे. "मी नेते."

"मी? अवो, विहिरीत डोकावत न्हाई मी. चक्कर येती."

एका संध्याकाळी मी त्याला सगळं सांगून टाकलं. केदारखेड्याला आमचं घर. माझे आबा, राधाकिसन, अजून चार मेंढ्या राखतात. पोरगी विमानातून उडी मारते म्हणून गावभर सांगत फिरायचे. पण लग्नाची गोष्ट निघाली की तेच आबा गप्प. स्थळं यायची, चहा प्यायची आणि मग कुणीतरी विचारायचं, "म्हणजे मुलगी परपुरुषांना अंगाला बांधून घेती?" संपलं. एक स्थळ तर पोहे अर्धे टाकून उठलं. माझी आई, बायनाबाई, रात्री भांडी आपटत बसायची. शेवटी पुण्याचं एक स्थळ पक्कं होत आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, अट एकच – उड्या बंद. आबांनी रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं आणि रविवार म्हणजे सीझनचा शेवटचा दिवस.

"मंग?" भागवतचा आवाज बारीक झाला.

"मंग काय… हो म्हणावं म्हणते."

"आवडला का तुमाला?"

"नाही हो. दमले मी. रोज नवा माणूस, रोज तीच भीती पाठीमागून सांभाळायची. कधी वाटतं, कुणी बंद कर म्हणतंय तर करून टाकावं. निदान झोप तरी लागंल."

त्यानं मोसंबीची पिशवी कुंपणाला अडकवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःलाच म्हटलं, बस आता मनीषाबाई, खा मोसंब्या. मोसंबी गोड होती, मेली, आणि मी ती रडत रडत खाल्ली.

रविवारी दुपारी यादीतला शेवटून दुसरा माणूस समोर येऊन उभा राहिला. निळ्या झग्यात, पांढराफटक चेहरा, आणि ती खळी गायब.

"तुम्ही?"

"बोलू नका," भागवत म्हणाला. "बोललो तर पळून जाईन."

मी त्याचे पट्टे आवळले. इतक्या लोकांचे आवळलेत आजवर. त्याच्या खांद्यावरचा पट्टा ओढताना माझीच बोटं चुकली आणि करणनं येऊन तो परत तपासला. विमान वर चढलं. खाली तुरीची शेतं, गावाची पत्र्याची छपरं, सगळं लहान लहान होत गेलं आणि तो डोळे घट्ट मिटून बसला.

"केळ्यासारखं वाका," दार उघडल्यावर मी त्याच्या कानात ओरडले.

"अवो, मी आधीच वाकडा झालोय!"

आणि आम्ही पडलो. पडताना कुणालाच काही ऐकू येत नाही, नुसता वारा. तो ओरडत होता एवढं मला त्याच्या पाठीतून कळत होतं. मग पॅराशूट उघडलं, जोराचा झटका बसला… आणि एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत माणूस पुढं, मी मागं. त्याला माझं तोंड दिसत नाही.

"डोळे उघडू का?"

"उघडा."

"आई गं…" मग तो म्हणाला, "मनीषा, तू दिसत न्हाई म्हणून बोलतो. तोंडाकडं बघून मला न्हाई जमायचं."

पहिल्यांदाच तू म्हणाला. माझ्या हातातल्या दोऱ्या सैल पडल्या आणि आम्ही थोडे उजवीकडे कललो.

"अगं पाडशील!"

"नाही पाडत. बोल तू."

"मी दोन दिवस घरात डोकं धरून बसल्तो. पुण्यावाल्यासारखं उड्या सोड म्हणवंना, अन् दमलेलीला करत ऱ्हा बी म्हणवंना, मंग सांगावं काय हेच कळंना. मंग आईच म्हणली, सांग जाऊन सरळ. तर ऐक. मला तू लई आवडती. तू उद्या कुणाला बी बांधून उतर, मी ट्रॅक्टर घेऊन न्यायला येईन. त्याला पाणी देईन, तुला चहा."

"लोक बोलतील भागवत."

"बोलू दे ना. बागाईत हाय माझी, काम असतं दिवसभर. ऐकायला टाइम कुठंय?"

मी हसले.

"आणि मी दमून सोडून दिलं सगळं तर?"

"तर सोड! पण तू दमली म्हणून सोड. कुणी म्हणलं म्हणून सोडू नको. अन् थोडे दिवस बसून परत वाटलं तर परत चढ. मी खाली हायेच… मी बिलकुल परत वर येणार न्हाई, ते आधीच सांगून ठेवतो."

इतकी वर्षं मी हे काम करते. कुणी म्हणालं धाडसी, कुणी म्हणालं बेशरम. कर म्हणणारे होते, सोड म्हणणारे होते. माझा थकवा माझाच आहे, त्याचं काय करायचं ते मी ठरवायचं, असं कुणी म्हणालं नव्हतं. माझा त्याच्यावर इतका जीव जडला त्या क्षणी, की खाली जमीन आल्याचं जरा उशिराच दिसलं.

"पाय वर!"

त्यानं पाय उचलले, आम्ही गवतावर घसरत गेलो आणि धुरळ्यात बसकण मारली. पॅराशूट मागं हळूच आडवं झालं. नेहमी मी लगेच हुक सोडते, माणसाला उभं करते, शाबास म्हणते आणि पुढच्याकडे पळते.

त्या दिवशी माझे हात हुकांपाशी गेले आणि तिथंच राहिले.

"काय झालं? लागलं का?" त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला.

"नाही रे. दमले."

"मंग टेक ना."

मी टेकले. दिवसभर सगळे माझ्यावर रेलतात. मी त्याच्या पाठीवर कपाळ ठेवलं आणि सगळा भार सोडून दिला. त्यानं दोन्ही हात जमिनीला लावले आणि ताठ बसला. लांबून करण ओरडला, "मनीषाताई, शेवटचा गडी तयार आहे!"

"पाच मिनिटं थांब म्हणावं त्याला!" भागवतच ओरडला.



"आज आबांला काय सांगणार?" त्यानं हळूच विचारलं.

"पुण्याला नाही म्हणून."

"अन्… हसनाबादला?"

मी डोळे मिटले. "हसनाबादला म्हणावं, जरा हलू नको."